लॅपटॉपवर चहा सांडला, वाळला, चालूही झाला. मग पंधरा दिवसांनी का मेला?

कपभर चहा कीबोर्डवर सांडतो. लॅपटॉप घाईघाईने बंद होतो, रात्रभर पंख्याखाली पडून राहतो आणि सकाळी मुकाट सुरू होतो. घरातले सगळे हुश्श करतात. आठ-पंधरा दिवसांनी एखादं बटण अडकायला लागतं, मग चार्जिंग थांबतं आणि एके दिवशी दिवाही लागत नाही. पाणी गेलेल्या लॅपटॉपांची ही नेहमीची कहाणी आहे आणि तिचं कारणही बहुतेक वेळा एकच असतं. लॅपटॉप वाळवलेला असतो, धुतलेला नसतो.

पाणी उडून जातं, पण त्यातली साखर, दूध, मीठ आणि क्षार बोर्डावर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पट्टीवर (मदरबोर्डवर), बसून राहतात. हा थर हवेतला ओलावा धरतो आणि दमट दिवसांत वीज वाहून न्यायला लागतो. बॅटरी जोडलेली असेल तर लॅपटॉप 'बंद' असतानाही बोर्डाच्या काही भागात वीज असतेच, कारण पॉवरचं बटण ओळखणारं सर्किट कायम जागं असतं. ओलावा, क्षार आणि वीज एकत्र आली की तांबं खायला सुरुवात होते. टाके हिरवट पडतात, पिना काळवंडतात आणि केसाएवढ्या रेषा कधी तुटतात, कधी एकमेकींना चिकटतात. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीचा हेतू आधी वीज काढणं आणि मग थर काढणं हाच आहे.

लक्षणं

काहीच होत नाही, दिवाही लागत नाही: मुख्य पॉवर लाइनवर शॉर्ट असू शकतो. पण आजकाल बऱ्याच मॉडेलांत पॉवरचं बटण कीबोर्डच्याच पट्टीवर असतं. अशा वेळी बोर्ड ठणठणीत असतो आणि फक्त कीबोर्ड गेलेला असतो.

आपोआप चालू होतो, किंवा चालू केल्यावर चार-पाच सेकंदांत बंद होतो: बहुतेक वेळा दोष त्याच बटणाचा. ते आतून चिकटलं की बोर्डाला वाटतं, कोणीतरी बटण दाबून धरलंय.

अडॅप्टरची पिन घालताच अडॅप्टरवरचा दिवा विझतो किंवा लुकलुकतो: हा शॉर्ट आहे. परत-परत पिन घालून बघू नका. प्रत्येक प्रयत्नात आणखी एखादा भाग जळू शकतो.

पंखा फिरतो, दिवे लागतात, स्क्रीन काळी: मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा. अंधुक चित्र दिसलं तर पडद्यामागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेला आहे. काहीच दिसलं नाही तर रॅम, डिस्प्लेची केबल किंवा बोर्ड.

एकच अक्षर सारखं उमटतं, काही बटणं मुकी होतात, टचपॅडचा बाण स्वतःहून पळतो: कीबोर्ड किंवा टचपॅड. त्यातल्या त्यात स्वस्तात सुटलात.

फक्त चार्जरवर चालतो, बॅटरी चार्ज होत नाही: चार्जिंगचं सर्किट किंवा बॅटरीचा कनेक्टर.

बॅटरी फुगली आहे, टचपॅड वर उचलला गेलाय, गोडसर रसायनाचा वास येतोय, तळ गरम लागतोय: इथे तपासणी संपली. लॅपटॉप बाल्कनीत फरशीवर, पडदे-कागदांपासून लांब ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला फोन करा.

पहिलं मिनिट, खर्च शून्य

आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग चार्जर काढा. ओल्या हाताने पिनेला हात लावू नका. फाइल सेव्ह करण्याचा मोह टाळा आणि विंडोजला शिस्तीत 'शट डाउन' करायला लावू नका, पॉवरचं बटण १० ते १५ सेकंद दाबून धरा. न साठवलेलं पान परत लिहिता येतं. ओल्या बोर्डातून वीज जेवढा वेळ वाहील तेवढं नुकसान वाढतं. माउस, पेनड्राइव्ह, एचडीएमआय, सगळं उपसा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर लगेच काढा.

मग लॅपटॉप अर्धा उघडून, पुस्तक पालथं घालावं तसा, टॉवेलवर उभा करा. कीबोर्ड आतल्या बाजूने खाली बघेल आणि बिजागरी सगळ्यात वर राहील. लॅपटॉप हलवून, झटकून पाणी 'ओतायला' जाऊ नका. जो थेंब कीबोर्डखालच्या पत्र्यावर थांबला होता, तो त्या हिसक्याने रॅमच्या खोबणीत पोचतो.

आता तीन घरगुती उपायांबद्दल. तांदळाच्या डब्यात ठेवून उघड्या हवेपेक्षा जास्त काही साधत नाही, उलट पिठूळ धूळ आणि एखादा दाणा पोर्टमध्ये जातो. हेअर ड्रायर पाण्याला बाहेर काढण्याऐवजी आत ढकलतो आणि बटणांची प्लॅस्टिक वाकवतो. उन्हात ठेवलं तर लिथियमची बॅटरी तापते. तिन्ही उपाय फार तर पाणी घालवतील. साखर जिथल्या तिथेच राहील.

काय सांडलं, किती आणि कुठे

याचं उत्तर मिळालं की पुढे किती घाई करायची ते ठरतं. नळाचं चमचाभर पाणी ही सगळ्यात सौम्य गोष्ट. बोअरिंगच्या जड पाण्यात क्षार जास्त. कोऱ्या कॉफीपेक्षा साखर-दुधाचा चहा वाईट, कारण दूध नासतं, घट्ट होतं आणि चिपच्या पोटाखाली जाऊन बसतं. कोला आणि लिंबू सरबतात आम्ल असतं. आमटी, सूप, नारळपाणी आणि समुद्राचं पाणी सर्वांत घातक, कारण क्षार भरपूर आणि वीज लगेच वाहते. यांतलं काही आत गेलं असेल तर 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच दिवशी उघडायला हवा.

जागाही बघा. टचपॅडजवळ सांडलं तर खाली बहुतेक वेळा बॅटरी असते. बिजागरीच्या बाजूला, आकड्यांच्या ओळीवर सांडलं तर खाली मदरबोर्ड. काही जुन्या थिंकपॅडसारख्या मॉडेलांत कीबोर्डखाली पाणी वाहून जायला पन्हळी आणि तळाला भोकं असतात. तिथे थोडं पाणी बाहेर निघून जातं. बाकीच्या लॅपटॉपांकडून ती अपेक्षा ठेवू नका.

उघडण्याआधी कागद बघा

साधी वॉरंटी पाणी गेल्याचं नुकसान धरत नाही. पण 'ॲक्सिडेंटल डॅमेज'चं वेगळं संरक्षण घेतलं असेल तर ते धरतं. बिल शोधा. ते संरक्षण असेल तर स्क्रूला हात लावू नका. लॅपटॉप बंदच ठेवून कंपनीला फोन करा आणि काय सांडलं ते खरं सांगा. लपवून उपयोग नाही. बऱ्याच लॅपटॉपांत आत पांढरे छोटे स्टिकर असतात, पाणी लागलं की ते लाल होतात आणि सर्व्हिस सेंटरवाला आधी तेच बघतो.

मॅकबुक असेल तर घरचं काम इथेच संपतं असं माना. अलीकडच्या मॅकबुकांत डेटा साठवणारी चिप बोर्डालाच झाळलेली असते, म्हणजे बोर्ड गेला की डेटाही अडकला. शिवाय स्क्रू वेगळे, बॅटरी चिकटवलेली. त्याच दिवशी चिप लेव्हलचं, म्हणजे बोर्डावरचे सुटे भाग बदलण्याचं, काम करणाऱ्याकडे न्या.

उघडणं: स्क्रूड्रायव्हर आणि धीर

बहुतेक विंडोज लॅपटॉपांना पीएच-० मापाचा चौफुली स्क्रूड्रायव्हर लागतो, काहींना टी-५. डेल, एचपी आणि लेनोव्हो आपापल्या मॉडेलांची सर्व्हिस मॅन्युअलं फुकट देतात, आधी ते पीडीएफ मोबाइलवर उघडा. काही स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. एका कागदावर लॅपटॉपचा तळ काढा आणि ज्या जागेचा स्क्रू त्याच जागी कागदात खोचा. ही नुसती टापटीप नाही. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी बसवला की तो बोर्डात घुसतो, आणि पाण्यातून वाचलेला लॅपटॉप पेचकसाने मरतो.

तळ उघडताना जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवा, लोखंडी पातं नको. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचं. तारांना न ओढता, प्लॅस्टिकच्या टोकाने कनेक्टर दोन्ही कडांनी थोडा-थोडा सरकवा. मग घड्याळाची छोटी सेल, नाण्याएवढी किंवा काळ्या वेष्टणातली, तीही काढा. तिचे ३ व्होल्टही एखादी पिन कुजवायला पुरतात. ही सेल बऱ्याच दुकानांतसुद्धा विसरली जाते.

आता एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी पट्टी, काढून बाजूला ठेवा. तुमच्या लॅपटॉपातली सगळ्यात महाग वस्तू बहुधा तीच, त्यातल्या डेटामुळे. एम-डॉट-टू एसएसडी एका छोट्या यूएसबी डबीत घातली की दुसऱ्या संगणकावर उघडते. डबी घेताना एसएसडी एनव्हीएमई आहे की साटा (जोडणीचे दोन प्रकार) ते बघा, चुकीच्या डबीत ती दिसणारच नाही. विंडोजने डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेली असेल तर ४८ आकडी बिटलॉकर की मागितली जाईल. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉग इन केल्यावर सापडते. ती कुठे आहे हे लॅपटॉप धडधाकट असताना बघून ठेवलेलं बरं.

मग टॉर्च तिरका धरून बघा. तपकिरी चिकट पापुद्रा म्हणजे चहा किंवा कोला. पांढरी पूड म्हणजे क्षार. हिरवट-निळसर डाग म्हणजे तांबं खाल्लं जातंय. कनेक्टरच्या पिना, रॅमची खोबण आणि डिस्प्लेच्या केबलचं तोंड, या तीन जागा सोडू नका.

धुणं

९९% आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, दुकानात 'आयपीए' म्हणून मागा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, इतर गावांत मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणारं दुकान किंवा ऑनलाइन. सॅनिटायझर चालत नाही. त्यात पाणी असतं, वर ग्लिसरीन, म्हणजे एक चिकट थर घालवायला दुसरा चिकट थर.

इथे सगळ्यांची एक चूक होते. आयपीए पाण्याला हाकलतं, तेलकटपणा काढतं, पण साखर त्यात जवळजवळ विरघळत नाही. गोड चहावर नुसतं आयपीए घासलं की साखर इकडची तिकडे होते आणि सगळं चकचकीत दिसून फसवतं. साखर आणि दूध काढायला आधी पाणीच लागतं, पण डिस्टिल्ड. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते. त्यात क्षार नसतात.

म्हणजे साधं पाणी सांडलं असेल तर नुसतं आयपीए पुरे. चहा, कोला, सरबत असेल तर आधी डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या, लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने डाग हलके घासा, टिपकागदाने टिपा, आणि लगेच वरून आयपीए. आयपीए अडकलेलं पाणी सोबत घेऊन उडून जातं. ब्रश एकाच दिशेने फिरवा. तांदळाच्या कणीहून लहान भाग बोर्डावर असतात, रेटून घासलं तर उडतात आणि परत सापडत नाहीत. इअरबड वापरलात तर कापसाचे तंतू पिनांत अडकले नाहीत ना ते बघा.

पंखा, स्पीकर, स्क्रीन आणि बॅटरी यांवर काहीही ओतू नका. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी धातूची पट्टी, उगाच काढू नका, काढलंत तर नवीन थर्मल पेस्ट लावावीच लागते. आयपीए पेट घेतं. खिडकी उघडी ठेवा आणि उदबत्ती, गॅस, सिगारेट जवळपास नको.

रॅम काढून तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा, मग आयपीए. खोबणीत मात्र फक्त ब्रश.

साफ झाल्यावर २४ तास पंख्याखाली उघडाच ठेवा. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या जुलैत ४८ तास धरा, किंवा सिलिका जेलच्या ताज्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा. एसीची खोली असेल तर उत्तम, तिथली हवा कोरडी असते.

चालू करून बघणं, तेही तुकड्यातुकड्याने

सगळं जोडून बटण दाबू नका. बॅटरी, कीबोर्ड, टचपॅड, एसएसडी आणि डिस्प्लेची केबल काढलेली ठेवा. एकच रॅम लावा आणि एचडीएमआयने टीव्ही किंवा मॉनिटर जोडा. डिस्प्लेची केबल बाहेर ठेवायला पक्कं कारण आहे. त्या इवल्या कनेक्टरमध्ये बॅकलाइटची पिन अडॅप्टरएवढ्या, मॅकबुकात त्याहूनही जास्त व्होल्टेजवर असते आणि शेजारच्या डेटाच्या रेषा १ व्होल्टच्या आसपास. दोघींमध्ये चहाचा एक थेंब राहिला तर ते व्होल्टेज डेटाच्या रेषेतून थेट प्रोसेसरमध्ये शिरतं. मग दुरुस्ती नाही, नवा बोर्ड.

आता अडॅप्टर लावा आणि त्याच्या दिव्याकडे बघा. विझला तर पिन काढा आणि थांबा. टिकला तर अर्धा मिनिट वास घ्या आणि बोर्डाजवळ हात फिरवून कुठे गरम लागतंय का ते बघा. टाइप-सी चार्जर असेल तर मध्ये स्वस्तातला यूएसबी-सी मीटर लावा. आकडा ५ व्होल्टवरून २० व्होल्टवर गेला तर बोर्ड आणि चार्जरचं बोलणं जमलं. ५ वर अडकला तर एक केबल, एक चार्जर बदलून बघा. तरीही तेच असेल तर चार्जिंगची चिप.

पॉवरचं बटण कीबोर्डवर असेल तर कीबोर्ड काढल्यावर चालू कसं करायचं? काही मॉडेलं अडॅप्टर लावताच उठतात, काहींत बटणाची वेगळी छोटी पट्टी असते. दोन्ही नसेल तर कीबोर्डची पट्टी तेवढ्यापुरती जोडा. काही टाइप-सी लॅपटॉप बॅटरीशिवाय उठतच नाहीत, त्यांना बॅटरी लावावी लागेल, पण अडॅप्टरची तपासणी पार पडल्यावरच.

टीव्हीवर चित्र आलं तर एकेक भाग जोडत जा, दर वेळी बंद करून आणि अडॅप्टर काढून. ज्या भागाने गडबड परत आली तो दोषी. एसएसडी जोडून विंडोज सुरू झाली की पहिलं काम बॅकअपचं. बाकी चाचण्या नंतर.

कीबोर्डचा निकाल यूएसबी कीबोर्डने लावता येतो. चारशे-पाचशे रुपयांचा साधा पुरे, मित्राकडून मागून आणला तर तेवढेही नाहीत. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनमध्ये, जाऊन बघा. तिथेही एखादं बटण आपोआप दाबलं जात असेल तर दोष विंडोजचा नाही. लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये प्लॅस्टिकचे पातळ पडदे एकमेकांवर असतात आणि त्यांच्यामधला चहा कुठलाच ब्रश काढू शकत नाही. धुऊन महिनाभर चालेल, मग परत अडकेल. तो बदलाच. फक्त आधी तो स्क्रूने बसवलाय की प्लॅस्टिकच्या वितळवलेल्या टोकांनी, हे मॅन्युअलमध्ये बघून घ्या. दुसऱ्या प्रकारात तीस-चाळीस टोकं तोडून नवा बसवावा लागतो किंवा वरचं अख्खं पॅनेलच घ्यावं लागतं. ते काम दुकानात केलेलं बरं.

मल्टिमीटर असेल तर आणखी एक तपासणी. बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही काढलेले असताना कंटिन्युइटीवर (वीज जायला वाट असेल तर बीप वाजते ती खूण) ठेवून चार्जिंगच्या पिनेच्या दोन टोकांना लावा. क्षणभर बीप होऊन थांबली तर ते कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, भरणं आहे, काळजी नको. बीप वाजतच राहिली तर शॉर्ट. बीप आली नाही म्हणून बोर्ड निर्दोष ठरत नाही. पिनेनंतर स्विचसारखं काम करणारे भाग असतात आणि त्यांच्या पलीकडचा शॉर्ट इथून दिसत नाही.

इथे थांबा

अडॅप्टरचा दिवा साफसफाईनंतरही विझतो. चिपच्या खालून हिरवं डोकावतंय. एखादा भाग जळून काळा झालाय. बॅटरीच्या आत पाणी गेलंय. बॅकअप नसलेला डेटा बोर्डालाच झाळलेल्या चिपमध्ये आहे. यांतलं एक जरी असेल तर घरचं काम संपलं. चिपखाली गेलेला थर काढायला बोर्ड बाहेर काढून अल्ट्रासॉनिक टबात, म्हणजे ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या टबात, घालावा लागतो, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक भाग मोजावा लागतो.

दुकानात देताना एसएसडी घरी ठेवा. काय सांडलं, कधी सांडलं, त्यानंतर किती वेळा चालू करून बघितलं, हे चिठ्ठीवर लिहून द्या, दोष शोधायचा वेळ निम्मा होईल. दोन प्रश्न विचारा: बोर्ड धुणार कसा, आणि कुठला भाग बदलला ते दाखवणार का? 'हीट मारून देतो, हजार रुपयांत होईल' असं उत्तर आलं तर लॅपटॉप उचला. तापवून जागा झालेला बोर्ड काही आठवड्यांत परत झोपतो, आणि पुढच्या कारागिराचं काम दुप्पट करून ठेवतो.

फुगलेली किंवा भिजलेली बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा त्याच दुकानात द्या. तोवर ती धातूच्या डब्यात, घराबाहेर ठेवा, पण झाकण घट्ट लावू नका.